घरचा नॅस, घरचा बॅकअप: बेळगावकडच्या घरांसाठी निवड, जोडणी आणि तपासणी

फोटो ठेवायची फुकटची सोय गेल्या काही वर्षांत एकेक करून आटत गेली. गूगल फोटोजची अमर्याद साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही गूगलच्या त्याच फुकट १५ जीबीत मोजला जाऊ लागला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ओळखीच्या घरांतून एकच विचारणा होते: ‘‘ते नॅस का काय म्हणतात, ते घेऊ का?’’

घ्या. राउटरला केबलने जोडलेला, एक-दोन हार्ड डिस्क पोटात असलेला हा छोटा संगणक. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप त्यावर आपापल्या फाईली ठेवू शकतात, तेही महिन्याचं भाडं न भरता. मात्र डबा विकत आणणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. तो उद्या जळाला, चोरीला गेला किंवा कुणी त्यातलं सगळं पुसलं, तरी घरचे फोटो परत मिळाले पाहिजेत, अशी मांडणी करणं हे खरं काम. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

आधी घरात काय आहे ते बघा

दुकानात जाण्याआधी एका रविवारी घरातले फोन, लॅपटॉप, जुने पेनड्राईव्ह, लग्नाच्या सीडी असं सगळं एका टेबलावर काढा. प्रत्येकात किती जीबी भरलंय ते कागदावर लिहा. फोनमधला एक फोटो साधारण तीन ते पाच एमबीचा, फोर-के व्हिडिओचं एक मिनिट फोनप्रमाणे १७० ते ४०० एमबीचं. लग्नाचं कच्चं फुटेज फोटोग्राफरकडून मागून घेतलं असेल तर तेच शंभर-दोनशे जीबी भरतं. चार माणसांच्या घराची बेरीज बहुतेक वेळा एक टीबीच्या आतबाहेर येते.

सीमाभागातल्या घरांत कागदांचा प्रकार जरा वेगळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्यामुळे एकाच ट्रंकेत आजोबांच्या काळचं मोडीतलं किंवा मराठीतलं खरेदीखत, नंतरचे कन्नड उतारे आणि चंदगड-गडहिंग्लजकडे जमीन असेल तर तिकडचा सातबारा, असं सगळं एकत्र सापडतं. यातलं काय जपायचं ते आधी ठरवा. चालू आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) ‘भूमी’ संकेतस्थळावरून आणि सातबारा महाराष्ट्राच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, त्यावर वेळ घालवू नका. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, पणजोबांचा एकुलता एक फोटो यांची दुसरी प्रत मिळवायला नाकी नऊ येतात, म्हणून स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचा. साध्या कागदाला ३०० डीपीआय पुरे, रंगीत स्कॅन करा म्हणजे शिक्के वाचता येतात. शाई उडालेल्या मोडी कागदाला आणि जुन्या फोटोंना ६०० ठेवा. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद मात्र टाकायचा नाही, कचेरीत आणि कोर्टात तोच मागतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: फॉन्ट. जुन्या मराठी पत्रिका, मंडळाचे अहवाल, वकिलाकडचे मसुदे श्रीलिपीत टाईप केलेले असतात, कन्नड अर्ज नुडीत. हे जुने फॉन्ट युनिकोड नव्हेत. फाईल सुखरूप राहिली आणि फॉन्ट गेला, तर उघडल्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून अशा फाईली जिथे नीट उघडतात त्याच संगणकावर बसून त्यांचं पीडीएफ करून घ्या, आणि वापरलेल्या फॉन्टच्या फाईलीही शेजारच्या फोल्डरात टाका. नॅस आणायच्या आधीच हे उरका. जुना संगणक भंगारात गेला की मग हळहळण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

डबा आणि डिस्क

घरासाठी दोन डिस्कांचा नॅस घ्या. एका डिस्कचा स्वस्त पडतो, पण डिस्क गेली की डबा बसलाच. चार डिस्कांचा घ्यायची गरज स्टुडिओवाल्यांना. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप हे आपल्याकडे सहज मिळणारे दोन ब्रँड. ज्याला संगणकाची फारशी हौस नाही त्याला मी सिनॉलॉजी सुचवतो, कारण त्याची डीएसएम ही प्रणाली समजायला सोपी आहे. कुठलाही घ्या, पण त्या मॉडेलवर स्नॅपशॉटची (फोल्डरची त्या घडीची स्थिती गोठवून ठेवण्याची) सोय आहे का ते कंपनीच्या पानावर तपासूनच पैसे द्या. सिनॉलॉजीत त्यासाठी बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम लागते. मेमरी किती, प्रोसेसर कुठला, याची चर्चा दुकानदार रंगवून करतो. निव्वळ बॅकअपसाठी त्याने फारसं बिघडत नाही.

डिस्क नॅससाठी बनवलेलीच घ्या: सीगेटची आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडीची रेड प्लस. दोन्ही सीएमआर पद्धतीच्या आहेत. एसएमआर पद्धतीच्या डिस्कवर डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. जागा वाचते, पण एक डिस्क बदलून दुसरी नव्याने भरताना ती रखडते. साध्या ‘रेड’ नावाच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या म्हणून २०२० मध्ये जगभर बराच गदारोळ झाला होता, तेव्हा नावातला ‘प्लस’ बघून घ्या. शक्य झाल्यास दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्या. एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्क एकाच सुमारास आजारी पडण्याची शक्यता जास्त. घरी आल्यावर खोकं फोडण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा. नाही दिसली तर त्याच दिवशी परत करा.

सिनॉलॉजीने २०२५ च्या काही प्लस मॉडेलांवर आपल्याच यादीतल्या डिस्क वापरण्याची अट घातली होती आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ बरोबर ती सैल केली. तरी सुसंगत डिस्कांची यादी एकदा नजरेखालून घातलेली बरी.

आकार किती? बेरजेच्या अडीच-तीनपट धरा. दीड टीबी डेटा असेल तर चार-चार टीबीच्या दोन डिस्क. त्या एकमेकींची नक्कल ठेवतात, म्हणून वापरायला चारच टीबी मिळतात, आणि पडद्यावर ते ३.६ च्या आसपास दिसतं. दुकानदाराने फसवलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

जागा, दमट हवा आणि लाईट

नॅस बंद कपाटात ठेवू नका आणि देवघराजवळही नको. एकीकडे गरम होतो, दुसरीकडे उदबत्तीची राख पंख्यात जाते. जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते. तिथे भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून कंबरेइतका उंच ठेवा आणि चालूच राहू द्या. चालू यंत्र थोडं ऊबदार राहतं, त्यावर दव धरत नाही. पावसाळ्यात महिनाभर बंद करून ठेवलेला नॅस जास्त धोक्यात असतो. केबल उंदरांपासून वाचवायला साध्या पीव्हीसी पट्टीतून न्या.

आपल्याकडे यंत्रं खरी मरतात ती वळवात. एप्रिल-मेच्या संध्याकाळी ढग गडगडायला लागले, लाईट गेली, आली, परत गेली, हा खेळ डिस्कला सोसत नाही. त्यात लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फाईल सिस्टीमच बिघडू शकते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळ इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये बॅटरीवर जाताना क्षणभर दम घेतात, आणि तेवढ्यात नॅस बंद पडतो. मागच्या बाजूला ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते आधी लावा. इन्व्हर्टरची दुसरी अडचण अशी की बॅटरी संपत आली हे तो नॅसला सांगत नाही, सरळ विझतो.

म्हणून नॅस आणि राउटरसाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा घ्या, आणि तो यूएसबी केबलने नॅसशी बोलू शकणारा असावा. स्वस्त यूपीएसला हे पोर्ट नसतं, तेव्हा मागची बाजू दुकानातच उलटून बघा. नॅसच्या सेटिंगमध्ये यूपीएस चालू करून ‘लाईट गेल्यावर पाच मिनिटांनी सुरक्षित बंद’ असं ठेवा. मग लाईट असताना मेन स्विच पाडून एकदा खरोखर बंद होतो का ते समोर उभं राहून बघा. अर्थिंग नसलेल्या जुन्या वाड्यात आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंगच नसेल तर सर्ज प्रोटेक्टरला जादा वीज घालवायला धड वाट मिळत नाही. आणि वीज टेलिफोन किंवा केबलच्या तांब्याच्या तारेतूनही घरात येते, हे ध्यानात ठेवा.

वीजबिलाचं म्हणाल तर दोन डिस्कांचा नॅस चालताना १५ ते २० वॅट घेतो, म्हणजे महिन्याला ११ ते १४ युनिट. हेस्कॉमच्या बिलात तुम्ही गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेच्या मर्यादेच्या अगदी काठावर असाल तर एवढ्यानेही काठ ओलांडला जाईल, तेव्हा आधीची दोन-तीन बिलं काढून बघा.

राउटरशी जोडणी

नॅस वायफायवर नको, केबलनेच. कॅट-५ई किंवा कॅट-६ ची केबल घ्या. घरातल्या अंतरांना दोन्ही पुरेशा.

इथे एक बारीक गोष्ट. इंटरनेटवाल्याने दिलेल्या पुष्कळ राउटरांची पोर्ट १०० एमबीपीएसचीच असतात. त्यातून सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी जातात, म्हणजे एक टीबी भरायला पूर्ण एक दिवस. पोर्ट गिगाबिट असेल तर तेच काम अडीच-तीन तासांत होतं. राउटर बदलायचा नसेल तर पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच मध्ये लावा आणि नॅस व संगणक दोन्ही त्याला जोडा. रोजच्या बॅकअपला हळू पोर्टही चालतं, त्रास फक्त पहिल्या भरण्याच्या वेळी होतो.

मग राउटरच्या पानावर जाऊन नॅसला कायमचा पत्ता राखून द्या, समजा १९२.१६८.१.५०. हे केलं नाही तर एखाद्या दिवशी राउटर बंद-चालू झाल्यावर नॅसचा पत्ता बदलतो, लॅपटॉपचा बॅकअप गुपचूप थांबतो, आणि घरात कुणालाही पत्ता लागत नाही.

पहिली मांडणी

डिस्क बसवून ब्राउझरमधून नॅस उघडलात की तो आधी प्रणाली उतरवून घेतो. मग स्टोरेज मॅनेजरमध्ये पूल बनवताना सिनॉलॉजीवर एसएचआर, क्यूनॅपवर रेड १ (RAID 1, डब्ल्यूडीच्या ‘रेड’ डिस्कशी याचा संबंध नाही) निवडा. दोन डिस्कांत दोघांचा अर्थ एकच: एक डिस्क गेली तरी डेटा राहतो.

एका घरी हे समजावत असताना काकूंनी विचारलं, ‘‘दोन-दोन डिस्क घालूनसुद्धा आणि वेगळी कॉपी कशाला रे?’’ म्हटलं, ‘‘काकू, तुम्ही चुकून लग्नाचं फोल्डर उडवलंत तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडणार.’’ रेड हे डिस्क बिघडण्यावरचं औषध आहे. चुकीने पुसणं, व्हायरस, चोरी, आग यांपैकी कशावरच ते चालत नाही.

‘अ‍ॅडमिन’ नावाचं मूळ खातं बंद करून वेगळ्या नावाचं व्यवस्थापक खातं बनवा आणि त्याला दुहेरी पडताळणी लावा. ते रोज वापरायचं नाही. आई, बाबा, दादा, वहिनी, प्रत्येकाला आपलं साधं खातं द्या. शेअर फोल्डर मोजकेच ठेवा: ‘फोटो’, ‘कागदपत्रं’, ‘संगणक-बॅकअप’, आणि घरात मॅक असेल तर ‘टाईममशीन’. ‘कागदपत्रं’मध्ये लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, बाकीच्यांना फक्त वाचता येऊ दे. भांडण होतं थोडं, पण फायदा आहे.

देवनागरीत फाईलींना खुशाल नावं द्या, नॅसला ती चालतात. फक्त लांबीकडे लक्ष ठेवा. फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, शिवाय काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘क्षेत्र’ हा आपल्याला दोन अक्षरांचा वाटणारा शब्द तिथे सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा होतो. सिनॉलॉजीवर शेअर फोल्डर एन्क्रिप्ट केला तर ही मर्यादा आणखी खाली, १४३ बाइटवर येते. म्हणजे मराठीची ४७ चिन्हं. ‘आजोबांचं मौजे अमुकच्या शेतजमिनीचं खरेदीखत सन १९४८ पान पहिलं’ असल्या नावाची फाईल तिथे चढत नाही, आणि कॉपी मध्येच अडकल्यावर कारण कळत नाही. डीएसएम ७.२ पासून, चालणाऱ्या मॉडेलांवर, पूर्ण व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करता येतो, त्याला ही आडकाठी नाही. एन्क्रिप्शन हवंच असेल तर तेच निवडा. त्याची रिकव्हरी की मात्र नॅसमध्येच ठेवू नका, छापून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा.

लॅपटॉप आणि फोन लावणं

विंडोजवर दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे सिनॉलॉजी ड्राईव्ह क्लायंट उतरवायचा, त्यात ‘बॅकअप टास्क’ निवडायचा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर द्यायचे. प्लस मॉडेल असेल तर अ‍ॅक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस फुकट मिळतं. ते पूर्ण संगणकाची प्रतिमा घेतं, विंडोज कोसळली तरी जसंच्या तसं परत बसवता येतं. क्यूनॅपवर याच कामाला नेटबॅक पीसी एजंट आहे.

‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ या दोन पर्यायांत गोंधळ करू नका. सिंकमध्ये लॅपटॉपवरून फाईल पुसली की नॅसवरूनही जाते. इथे आपल्याला बॅकअप हवा आहे.

नॅसचा फोल्डर संगणकात झेड ड्राईव्ह म्हणून कायमचा जोडून ठेवायची पुष्कळांना हौस असते. मला ती पसंत नाही. खंडणीखोर व्हायरस लॅपटॉपमध्ये शिरला तर त्याला झेड ड्राईव्ह सी ड्राईव्हइतकाच उघडा असतो. लागेल तेव्हा फाईल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.५० टाकून उघडा, आणि ‘पासवर्ड लक्षात ठेव’वर खूण करू नका. नॅसवर एसएमबी १ ही जुनी पद्धत बंदच ठेवा. एखादा फार जुना टीव्ही त्यामुळे सिनेमे दाखवेनासा झाला तर टीव्हीची सोय वेगळी बघा.

मॅकवर टाईम मशीन सरळ नॅसवर चालतं, फक्त त्या फोल्डरला कोटा लावा. तो नसेल तर टाईम मशीन मिळेल ती जागा भरत जातं आणि एक दिवस फोटोंना जागा उरत नाही.

फोनसाठी सिनॉलॉजी फोटोज किंवा क्यूनॅपचं क्यूफाईल. अँड्रॉइडवर ‘फक्त वायफायवर’ आणि ‘चार्जिंगला असताना’ असं ठेवा आणि त्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर काही फोन ते पाठीमागून मारून टाकतात. आयफोन पाठीमागे फार काम करू देत नाही, म्हणून पहिल्यांदा रात्रभर अ‍ॅप उघडं ठेवून, चार्जरला लावून झोपा. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो अँड्रॉइडवर नेहमीच्या कॅमेरा फोल्डरात नसतात. ते ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचा फोल्डर, अशा खोलात असतात, आणि तो फोल्डर यादीत वेगळा निवडावा लागतो. गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यासकट सगळं येतं हे खरं, पण नातवाचे निम्मे फोटो त्याच ढिगाऱ्यात असतात.

स्नॅपशॉट

याला पाच मिनिटं लागतात आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या घडीला फोल्डर कसा होता याची गोठवलेली नोंद. जागा फक्त बदललेल्या भागाची जाते. ‘फोटो’ आणि ‘कागदपत्रं’ला रोज एक, असे ३० दिवसांचे ठेवा. कामाच्या फाईली असतील तर त्यांना तासाला एक, एका दिवसापुरते. साध्या खात्यातून किंवा लॅपटॉपमधल्या व्हायरसमधून हे पुसता येत नाहीत, म्हणून फाईली कुलूपबंद झाल्या तरी कालच्या स्थितीला परतता येतं. चालणाऱ्या मॉडेलांवर डीएसएम ७.२ पासून ठरावीक दिवस व्यवस्थापकालाही न पुसता येणारे स्नॅपशॉट मिळतात, त्यांना सात दिवस द्या. रिसायकल बिन चालू ठेवाच, पण स्नॅपशॉटचं काम त्याने भागत नाही.

दुसरी कॉपी घरात, तिसरी परगावी

डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हा ३-२-१ चा हिशेब. मूळ फोन-लॅपटॉपवर, दुसरी नॅसवर, तिसरी कुठे, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

घरातल्या घरात एक यूएसबी हार्ड डिस्क ठेवा. आठवड्यातून एकदा नॅसला लावायची, कॉपी झाली की काढून दुसऱ्या खोलीत ठेवायची. कायम लावून ठेवली तर वळवाचा झटका दोघांनाही बसतो. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपमध्ये यूएसबीसाठी एकच आवृत्ती ठेवणारा साधा प्रकार आहे, तो घ्या. त्यात फाईली आहेत तशा दिसतात, कुठल्याही संगणकावर उघडतात. अनेक आवृत्त्यांचा प्रकार जागा वाचवतो, पण तो वाचायला हायपर बॅकअप एक्सप्लोरर लागतो. आपल्या माघारी घरच्यांनी तो शोधत बसावं असं मला वाटत नाही.

परगावच्या प्रतीच्या बाबतीत आपण सीमाभागवाले नशीबवान. कोल्हापुरात बहीण, पुण्यात मुलगा, गोव्यात मेहुणा, असं कुणी ना कुणी असतंच. अगदी साधी रीत म्हणजे दोन यूएसबी डिस्क आळीपाळीने फिरवायच्या: गणपतीला आलेली ताई जाताना ताजी डिस्क घेऊन जाते, दिवाळीत ती परत येते आणि दुसरी जाते. इंटरनेट लागत नाही, खर्च एका डिस्कचा. ज्यांच्याकडे रोज नवं काम जमा होत नाही अशा घराला मी हेच सांगतो.

गाव निवडताना मात्र पूर आठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातही पाणी होतं आणि त्याच आठवड्यात कोल्हापुरातही. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पुण्याचा महामार्ग बंद पडला. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या निपाणीकडच्या घराने आपली प्रत पंचगंगेकाठच्या तळमजल्यावर ठेवली, तर दोन्ही एकदम भिजतील. बहीण कोल्हापुरातच असेल तर वरच्या मजल्यावर ठेवायला सांगा, नाहीतर पुणं बरं.

रोज आपोआप जायला हवं असेल तर तिकडे दुसरा छोटा नॅस ठेवावा लागतो. अडचण अशी की बहुतेक फायबर जोडण्यांत अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडण्याची जुनी युक्ती चालत नाही, आणि चालली तरी ती करू नये. दोन्ही नॅसवर टेलस्केल हे अ‍ॅप बसवा. दोघांमध्ये खाजगी बोगदा तयार होतो आणि प्रत्येकाला कायम राहणारा पत्ता मिळतो. सिनॉलॉजीच्या डीएसएम ७ वर एक खाच आहे: नॅसमधल्या इतर अ‍ॅपना या बोगद्यातून बाहेर जायचं असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये, बूटच्या वेळी चालणारी एक कमांड रूट खात्याने लावावी लागते. टेलस्केलच्या मदतपानावर ती जशीच्या तशी दिली आहे. हे राहिलं की हायपर बॅकअपला समोरचा नॅस सापडत नाही आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो.

पहिली पूर्ण कॉपी इंटरनेटवरून करू नका. ३० एमबीपीएस अपलोडवर ५०० जीबी जायला सलग ३७ तास लागतात, तेही जोडणी एकदाही न तुटता. दोन्ही नॅस आधी बेळगावातच एका राउटरला लावा, टेलस्केलचाच पत्ता देऊन हायपर बॅकअपचं पहिलं काम पूर्ण करा, मग दुसरा डबा गाडीत घालून पोचवा. पत्ता बदलत नाही, त्यामुळे तिकडे राउटरला जोडला की काम पुढे चालू होतं. पुढे रोज फक्त बदल जातात. या कामाला पासवर्ड लावून एन्क्रिप्शन चालू ठेवा. ताईवर विश्वास आहेच, पण ताईच्या घरी चोरी होऊ शकते.

बाहेरच्या जगापासून

जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप गाठले, पुढच्याच महिन्यात असुस्टोर या दुसऱ्या ब्रँडचे. दोन्ही वेळा फटका बसला तो बाहेरून थेट दिसणाऱ्या डब्यांना. म्हणून राउटरमधलं यूपीएनपी (यंत्रांना परस्पर पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंग करू नका, बाहेरगावाहून फोटो बघायचे तर फोनवरही टेलस्केलच टाका. नॅसचे सुरक्षा अपडेट आपोआप बसू द्या. ‘बाहेरून लॉगिन चालू करून देतो’ म्हणत कुणी पोर्ट उघडायला निघाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

परत मिळवून बघा

सगळं लावून झालं की लॅपटॉपवरचं एक बिनमहत्त्वाचं फोल्डर मुद्दाम पुसा आणि नॅसवरून परत आणा. मग एक फोटो स्नॅपशॉटमधून आणा. मग यूएसबी डिस्क नॅसचा संबंध नसलेल्या संगणकाला लावून त्यातलं पीडीएफ उघडा. नुसती फाईल दिसली म्हणजे झालं असं समजू नका, उघडून पान वाचा. परगावच्या प्रतीतूनही वर्षातून एकदा एखादं फोल्डर उतरवा, आणि ते करताना एन्क्रिप्शनचा पासवर्ड डोक्यातून नको, लिहून ठेवलेल्या कागदावरून टाका. कागदावर चुकीचा लिहिला असेल तर तो आत्ताच कळलेला बरा.

नॅसला महिन्यातून एकदा डिस्कची स्मार्ट चाचणी, सविस्तर प्रकारची, आपोआप करायला लावा. अहवालात ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी बघायच्या. शून्य असावं. आकडा वाढत चालला तर वॉरंटीत असतानाच डिस्क बदला, पूर्ण मरायची वाट बघू नका. बीटीआरएफएस असेल तर तीन महिन्यांनी डेटा स्क्रबिंगही लावा, ते पडून पडून बिघडलेल्या फाईली शोधतं. बिघाडाच्या सूचना ईमेलवर येऊ द्या, आणि त्या पत्त्यावर, जो रोज उघडला जातो. नॅसची पिंपिं वाजणारी घंटा कटकट म्हणून बंद करणारी घरं पुष्कळ आहेत.

शेवटी एक पान मराठीत हाताने लिहून काढा: नॅस कुठे आहे, कुठलं खातं, पासवर्ड कुठल्या पाकिटात, यूएसबी डिस्क कुठल्या कपाटात, दुसरी प्रत कुणाकडे, आणि अडलं तर कुणाला फोन करायचा. घरात ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे त्यांच्या हातात ते पान द्या, आणि तुम्ही काही न सांगता त्यांना एक फोटो शोधून काढायला सांगा. जिथे ते अडतील तिथे पान दुरुस्त करा.